खालचा सूर

शाहू महाराजांच्या राज्यात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत मौलाली घड्याळजीचं दुकान होतं. घड्याळं तो दुरुस्त करायचाच, पण तबकड्या वाजवणारे फोनो निघाल्यापासून गावातले बिघडलेले फोनोही त्याच्याकडेच यायला लागले. घड्याळ नुसतं कानाला लावून कुठलं चाक घासतंय ते तो सांगायचा, आणि सहसा चुकायचा नाही. आपल्या कानाचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवण्याची त्याला सवय नव्हती.

एका उन्हाळ्यात मिशनच्या बंगल्यातल्या मड्डमनं आपला फोनो त्याच्याकडे धाडला. तबकडी मधेच अडखळायची. मड्डम पंधरा दिवस पन्हाळ्याला निघाली होती. परत येईपर्यंत तयार ठेवा, असा निरोप होता. वाजवून बघायला एकच तबकडी सोबत दिली होती. मौलालीनं स्प्रिंग बदलली, तेल घातलं, आणि तिसऱ्या दिवशी सुई टेकवली. कर्ण्यातून जे बाहेर आलं ते ऐकून तो फडकं हातात धरून तसाच बसून राहिला.

पेटीसारखं होतं, पण पेटी नव्हे. शंभर सनया एका दमात फुंकाव्यात तसा आवाज. एक सूर पुढं पळायचा, दुसरा तेच बोल घोकत त्याच्या मागं लागायचा. आणि त्या दोघांच्या खाली आणखी एक जाड, संथ आवाज होता, पलीकडच्या गल्लीतून कुणी बोलावं इतका पुसट.

त्याचा दोस्त ज्ञानू नाटक मंडळीत पेटी वाजवायचा. त्याला बोलावून मौलालीनं तबकडी ऐकवली. ज्ञानूनं डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला. "वाजवणाराला हात दोन, म्हंजी सूर दोन. खालची घरघर तुझ्या मशिनीची हाय."

हे मौलालीच्या वर्मी लागलं. त्यानं फोनो उघडला, चाकं पुसली, सुई बदलली, पुन्हा वाजवला. घरघर तिथंच. चार दिवसांत चार वेळा त्यानं सगळं यंत्र सुटं करून जोडलं. दिवसभर दुकानातून तेच ते वाजत राहिलं. रात्री जेवताना फातिमानं, त्याच्या बायकोनं, ताटात दोनदा आमटी वाढली तरी त्याला पत्ता नव्हता. मशीन तशीच परत दिली तर मड्डम काय म्हणेल, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्ञानू काय म्हणेल, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

असे चार दिवस गेल्यावर दुकानामागची रत्नव्वा आली. तिचा नवरा चन्नाप्पा सोलापूरला गिरणीत गेल्यापासून घरचा माग तीच चालवायची. मागाची आणि दुकानाची भिंत एकच. ज्ञानूही तेव्हा दुकानातच होता. ती भांडायलाच आली असणार, असं दोघांना वाटलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"मौलालीभाई, वाजवायचं तर सारखं वाजवा, न्हायतर बंद ठेवा," ती म्हणाली. "मधीच थांबतंय आन् माझा पाय चुकतोय."

"पाय?"

"व्हय की. ती खालची चाल पायाचीच हाय न्हवं? तिच्यासंगं माझा पाय पडायला लागतोय."

ज्ञानू हसला. पायानं पेटीचा भाता मारतात, सूर काढत नाहीत, असं त्यानं तिला समजावून सांगितलं. रत्नव्वानं वाद घातला नाही. दोघांना घेऊन ती मागावर गेली, खड्ड्यात पाय सोडून बसली आणि विणायला लागली. उजव्या हातानं धोटा पळत होता, डाव्यानं फणी ठोकली जात होती, आणि खाली तिचे पाय आपल्याच चालीनं पट्ट्या दाबत होते.

"हातांना पायाकडं बघावं लागत न्हाय," ती न थांबता म्हणाली, "पर कापड एकच निघतंय."

मौलाली बराच वेळ तिच्या पायांकडं बघत उभा राहिला. मग दुकानात येऊन त्यानं फोनोचे स्क्रू घट्ट आवळले आणि यंत्राला पुन्हा हात लावला नाही. ज्ञानू मात्र घरघर म्हणतच राहिला.

मड्डम आली तेव्हा मौलालीनं काही लपवलं नाही. खालचा आवाज जात नव्हता म्हणून मशीन चारदा उघडली, असं सरळ सांगून टाकलं. मड्डमचं मराठी पुस्तकी होतं. तिनं विचारलं, "तो आवाज तुम्हाला ऐकू आला? माझ्या भावाला तो कधीच ऐकू आला नाही."

मग तिनं सांगितलं. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका चर्चमध्ये रचलेलं हे संगीत. वाद्याला घराएवढ्या उंच नळ्या असतात, आणि वाजवणाऱ्याच्या पायाखालीही लाकडी पट्ट्यांची रांग असते. जाड नळ्या पायांनी वाजतात, पण तो आवाज तबकडीवर नीट उतरतच नाही. मौलालीला इतकं हलकं वाटलं की तो मड्डमसमोरच मोठ्यानं हसला.

तिथंच बसलेल्या ज्ञानूनं विचारलं, हातपाय सगळे गुंतले तर भाता कोण मारतं? त्याला मागं दुसरा माणूस असतो, मड्डम म्हणाली.

"म्हंजी माणसं दोन," ज्ञानू म्हणाला, आणि तेवढ्यावर खूश झाला.

हे कोडं सोडवलं कुणी, असं मड्डमनं विचारल्यावर मौलालीनं रत्नव्वाचं नाव सांगितलं. मड्डमला लगेच तिला बघायचं होतं. मौलालीनं फोनो उचलला, ज्ञानूनं कर्णा घेतला आणि सगळे मागावर गेले. आपल्या शेजारची जागा झाडून रत्नव्वानं मड्डमला पाटावर बसवलं. तबकडी लागली. रत्नव्वाचे पाय हलले, धोटा पळायला लागला, आणि मड्डम पुढं वाकून मागाच्या खड्ड्यात बघत राहिली. तबकडी संपली की मौलाली पुन्हा सुई मागं नेऊन ठेवायचा. पाचव्या खेपेला मड्डमनं बूट काढले आणि आपल्याला बसू द्याल का, असं विचारलं.

रत्नव्वा सरकली. "बसा की. पर मागावरचं लुगडं दुसऱ्याचं हाय, जरा सांभाळून."