खाडीचं बियाणं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणी माझ्या भावाला बोल लावायला नको.

छत्तीस साली माझा थोरला भाऊ महिपत याने सापगावात चुन्याची भट्टी घातली. जळाऊ लाकूड आमच्याकडे मुबलक, आणि चुन्यासाठी भाजायचे शिंपले भिवंडीच्या खाडीवरून बैलगाड्यांनी यायचे. पहिलं वर्ष काठावरच्या जुन्या, मेलेल्या शिंपल्यांवर निभलं. ते सरत आले तेव्हा दादाने मला विचारलं, "मास्तर, खाडीच्या तळातले काढले तर संपतील का रे?"

मी शाळामास्तर. शहापूर तालुक्यात बसून समुद्राविषयी बोलायला मला कोण अडवणार? छाती पुढे काढून म्हणालो, "दगडच ते. समुद्रातले दगड कधी संपतात होय?" आमच्याकडे खाडीची मासळी यायची ती सुकी आणि शिंपले यायचे ते रिकामे. त्यांच्या आत कुणी राहतं, हे माझ्या गावीही नव्हतं. दादाने माझ्यावर विसंबून दोन होड्यांना लोखंडी दाताळी बांधून दिली. ती तळ खरवडत जायची आणि जे वर येईल ते गाडीत पडायचं.

दादाची एकुलती लेक राही त्याच खाडीकाठी दिली होती. पौषातल्या एका सकाळी ती शिंपल्यांच्याच गाडीतून दारात उतरली. सण नव्हता, बोलावणं नव्हतं. एका हातात ओल्या गोणपाटाचं गाठोडं, दुसऱ्या हातात कळशी. राहीची आई, धोंडूवहिनी, हातातलं काम टाकून ओटीवर आली.

"सासूबाय बोलल्या, दाताळं थांबेल तवाच ये," राही म्हणाली आणि ओटीवर बसून रडायलाच लागली. "मी शिंपले वेचायला चिखलात उतरले का बाया उठून दुसरीकडं जातात, आई. भट्टीवाल्याची लेक म्हणतात मला."

दादा तापला. "एवढी मोठी खाडी, नि तुझ्या सासूचं, कमळाबाईंचं, चार शिंपल्यांवाचून अडलं? पोरीला घराबाहेर काढायचं म्हणजे काय!"

"त्यांनी हे पाठवलंय. तुमाला दाखवायला." राहीने गाठोडं पुढे केलं. आत चार मुठी तिसऱ्या, म्हणजे खाडीतले बारके शिंपले होते, करडे, मिटलेले. दादाने नुसती नजर टाकली आणि गाठोडं उचलून भट्टीकडे निघाला. शिंपले म्हटले की त्याला तेवढीच एक जागा ठाऊक.

"बाबा, नको!" राही किंचाळली. तिने ते हिसकावून घेतलं, वहिनीची परात ओढली, तिसऱ्या तिच्यात ओतल्या आणि वरून कळशीतलं खाडीचं पाणी सोडलं. "आता बसा नि बगा."

आम्ही बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मी चष्मा पुसून परातीवर वाकलो आणि काहीतरी विद्वत्तेचं बोलणार, एवढ्यात एका तिसरीने तोंड उघडून पिचकारी मारली ती थेट माझ्या चष्म्यावर. वहिनी डोळे पुसता पुसता हसली. बघता बघता सगळ्या तिसऱ्या किलकिल्या झाल्या आणि पांढऱ्या जिभा बाहेर काढून परात चाचपू लागल्या.

"जित्या हायेत," दादा पुटपुटला.

राहीने तळातली एक करंगळीच्या नखाएवढी तिसरी त्याच्या तळव्यावर ठेवली. "हे बियाणं. आमी हातानं चाचपून मोठी तेवढी घेतो, नि बी परत गाळात लावतो. दाताळं बी सोडत नाय, बाबा. आख्खा तळ उघडा पडलाय."

दादाची नजर माळ्याकडे गेली. तिथे पेंढ्यात घट्ट बांधलेली बियाण्याच्या भाताची मुडी टांगलेली होती. आमच्या लहानपणी एका साली पीक बुडालं, तेव्हा आईने आम्हाला कंद उकडून खायला घातले, पण त्या मुडीची गाठ सोडली नव्हती. तेव्हा भुकेने सगळ्यात मोठं भोकाड दादानेच पसरलं होतं.

"मास्तर," तो अखेर म्हणाला, "तू दगड बोलला होतास."

"बोललो होतो," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दादाने वेळ घालवला नाही. राही आली ती आणि आदल्या संध्याकाळी आलेली, अशा दोन गाड्या भट्टीपाशी उभ्या होत्या. राहीने खूण सांगितली: कोरड्यावर मिटून राहिलेली ती जिवंत, आ वासलेली ती मेलेली. घरची सगळी सुपं घेऊन आम्ही निवडायला बसलो. उन्हं कलेपर्यंत दोन गोणी भरल्या. आम्ही त्या नदीवर भिजवून गाडीत घातल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडी गाठली. दादाने आधी दोन्ही होड्यांची दाताळी स्वतः सोडवून गाडीत टाकली. कमळाबाई आणि चार-पाच बाया काठावर उभ्या राहून बघत होत्या. राही गाडीजवळच थांबली. तिला पुढे जायचा धीर होईना.

दादाने धोतर खोचलं, टोपलीभर बी घेतलं आणि चिखलात उतरला. मग आवणीच्या वेळी आपण भाताची रोपं लावतो ना, तसा कमरेत वाकून, मागे मागे सरकत, एका ओळीत तिसऱ्या रोवू लागला. वीतभर जागा सोडून एक, परत वीतभर सोडून दुसरी. ओळ जरा वाकडी झाली तर उपटून पुन्हा नीट.

कमळाबाई बघत राहिल्या, आणि एकदम पदर तोंडाला लावून अशा हसल्या की काठावरच्या बायाही हसू लागल्या.

"अवं व्याही, हा काय भात हाय? नुसतं पसरा! त्यांचं त्या घर करतात!" मग त्या गाडीकडे वळल्या आणि ओरडल्या, "गो सुनबाय, उभी काय ऱ्हायलीस? बापाला दाखव कसं टाकतात ते!"

राहीने लुगड्याचा काचा मारला आणि धावत चिखलात शिरली. बायांपैकी कुणीही बाजूला सरकली नाही. मी काठावरच उभा होतो. डोळे भरून आले होते, आणि चष्मा पुन्हा पुसावा लागला.