पाचव्या नदीचा काठ

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. तळहाताएवढी, करड्या प्लास्टिकची, खालच्या बाजूला सोनेरी दातांची रांग असलेली. यंत्राच्या खाचेत मला बसवलं की टीव्हीवर खेळ सुरू व्हायचा. माझ्या काळी उत्तम खेळ पुष्कळ होते. मी त्यांतली नाही. मी वाईट खेळ आहे, आणि हे मला माझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

मला तयार करणारा प्रोग्रामर चांगला माणूस होता. एका गोदामाच्या माडीवर, पंखा नसलेल्या खोलीत तो बसायचा. चहाच्या रिकाम्या कपांतून वाट काढून त्याला टेबलाशी जावं लागे. एक नावाडी, पाच नद्या, आणि प्रत्येक नदीच्या पलीकडे उतारू पोचवायचे, असा खेळ त्यानं मनाशी योजला होता. त्याला हवे होते सहा महिने. मिळाले सहा आठवडे, कारण शाळांना सुट्टी लागायच्या आत मला दुकानात जायचं होतं.

शेवटच्या दिवशी साहेब दारात येऊन उभे राहिले.

"झालं का?"

"साहेब, पाचव्या नदीला अजून पलीकडचा काठ काढायचाय."

"अहो, पाचव्या नदीपर्यंत कोण मरायला जातंय? द्या पाठवून!"

प्रोग्रामरनं चष्मा काढून डोळे चोळले आणि मला पाठवून दिलं.

माझ्या खोक्यावरचं चित्र मात्र काय झोकात होतं! वादळ, उसळत्या लाटा, दाढीवाला नावाडी आणि जबडा वासलेली मगर. त्या चित्रालाच भुलून एका ट्रकचालक मामानं मला आपल्या भाच्यांसाठी घेतलं. घरात दोन मुलं होती. बारा वर्षांचा दादा, आणि सात वर्षांची धाकटी बहीण. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

मला सुरू केलं आणि दोघं टीव्हीला नाक लावून बसली. माझी मगर पाहून भिंगरी म्हणाली, "दादा, ही मगर आहे की बाबांची चप्पल?" नाव दगडातून आरपार जाई, आणि गवताच्या काडीला लागली की बुडे. एक उतारू डावीकडे वळला की त्याचं डोकंच नाहीसं होई. संगीत म्हणजे चार सूर, तेच ते, तेच ते.

"कसा आहे रे खेळ?" मामानं आशेनं विचारलं.

"छान आहे हं मामा," दादा म्हणाला. मुलं मायाळू होती. पण मामा गेल्यावर मी थेट खणात गेले, तुटक्या कंगव्याशेजारी. कित्येक महिने मला कुणी हात लावला नाही. रागवायचं तरी कुणावर? माझं मलाच माहीत होतं.

मग एके दिवशी भिंगरी भिंतीवरून पडली. पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. जिला भिंगरी म्हणत तिला पलंगावर बसवून ठेवायचं, म्हणजे घराला शिक्षाच. बाकीच्या चांगल्या कॅसेटी दादानं मित्रांकडून आणलेल्या होत्या, त्या परत गेल्या. उरले मी. दादानं मला खणातून काढलं, दातांवर फुंकर मारली आणि खाचेत बसवलं.

दादा खेळायचा आणि भिंगरी पलंगावरून हुकूम सोडायची. "अरे, तो खोटा दगड आहे, जा आतून! गवत सांभाळ, गवत! बिनडोक्याच्या काकांना आधी घे, ते बिचारे कधीचे उभेत." माझी एकेक चूक त्यांना पाठ झाली, आणि पाठ होता होता आवडू लागली. संध्याकाळी आई शिवणयंत्रावर बसली की तीसुद्धा नकळत माझे ते चार सूर गुणगुणायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक झाला होता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चालायला लावा, नाहीतर पाय आखडेल. पण भिंगरी जमिनीला पाऊल टेकवेना. आईनं समजावलं, बाबांनी चुचकारलं, एकदा रागावूनही पाहिलं. ती पलंगाची कड घट्ट धरून बसे.

"आधी नावाडी पाचव्या नदीच्या पलीकडे उतरू दे," ती म्हणाली. "मग मी उतरेन."

असे आठ दिवस गेले. आई रोज रात्री तिच्या पायाला तेल चोळायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची. दादा शाळेतून आला की दप्तर टाकून मला सुरू करायचा. माझ्यात खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. बुडालं की पुन्हा पहिली नदी. त्याच्या अंगठ्याला फोड आले. आणि मी आत सगळं जाणून होते, पण सांगणार कशी?

रविवारी दुपारी तो पाचव्या नदीत शिरला. भिंगरीनं टाळ्या पिटल्या. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. नाव चालली होती. पाणी, पाणी, नुसतं पाणी.

"अजून किती रे?"

"येईल आता."

अर्धा तास झाला. मग दादाचे हात थांबले.

"हाच ढग मघाशी गेला," तो हळूच म्हणाला. "तिसऱ्यांदा येतोय."

भिंगरी पलंगावरून पुढे वाकली. "काठ नाहीच आहे ना?"

दादानं मला बंद केलं नाही. तो उठला, बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं, कात्रीनं कापलं, हिरव्या खडूनं रंगवलं. एक झाड काढलं, एक बाक काढलं. आणि चिकटपट्टीनं तो तुकडा टीव्हीच्या काचेवर उजव्या कडेला लावून टाकला.

"हा काठ."

"हॅ! हा तर पुठ्ठा आहे."

"मग? तुझी ती चप्पल खरी मगर होती का?"

भिंगरीला हसू आलं. तिनं मान वाकडी करून पाहिलं. "तिरका लावलायस. उतारू घसरतील."

"नाही तिरका."

"तिरका आहे! तुला मेलं काही नीट येत नाही. सरक!"

आणि ती पलंगावरून उतरली. एक पाऊल. दुसरं, लंगडत. खुर्चीची पाठ, मग टेबलाची कड, मग काहीच न धरता दोन पावलं. काचेपाशी येऊन तिनं पुठ्ठा सोडवला आणि सरळ लावला. दादानं बटण दाबलं. नाव उजवीकडे सरकत सरकत काठाखाली गेली.

"उतरले!" भिंगरी ओरडली. "काकासुद्धा उतरले!" मग आपण कुठे उभ्या आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं मागे वळून आईकडे पाहिलं. आईनं ओल्या हातांनीच तिला उचललं आणि लगेच पुन्हा खाली ठेवलं. "चाल," ती म्हणाली. "चाल गं माझी बाय."

याला आता किती वर्षं झाली! जुन्या खेळांची आठवण निघाली की लोक माझं नाव घेऊन हसतात. हसू देत. मी आहेच तशी. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल तर फेकण्याआधी एकदा धूळ पुसून पाहा, एवढंच मागते.

आणि मित्रांनो, उद्या तुम्हीही काहीतरी बनवाल. खेळ, खुर्ची, पूल, काहीही. तेव्हा इतक्या लांब कोण येणार, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बारा वर्षांचा एखादा मुलगा फोड आलेल्या अंगठ्यानं तिथवर येतो. आणि त्याच्या मागे, पलंगाची कड धरून, कुणीतरी वाट पाहत बसलेलं असतं.