एका चुलीची मूठ

रविवारी चर्चची पहिली घंटा वाजली की आमच्या आत्या झाडू हातात घ्यायच्या. अंगण मी उजाडतानाच झाडलेलं असायचं. तरी त्या पुन्हा झाडायच्या, आणि झाडता झाडता फाटकापर्यंत जाऊन चर्चच्या रस्त्याकडे रागानं बघायच्या. दुसरी घंटा झाली की घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायच्या. मी साडी नेसून, गीतांचं पुस्तक घेऊन निघाले की मागे भांड्यांचा आवाज वाढायचा. एक माणूस रुसलं की सगळ्या घराला ताप, हे मी ईस्टरपासून भोगत होते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, झुंबरबाई. सोनईच्या अलीकडे आमचं गाव, आणि आमच्या चर्चमध्ये गाणं उचलायचा मान त्यांचा. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगायचा, आत्यांनी टाळ घेऊन डोळे मिटायचे आणि पहिली ओळ एकटीनं म्हणायची. मग बाकीची मंडळी मागून. आत्यांचा आवाज काही गोड नव्हता, पण त्याला मागे वळणं ठाऊक नव्हतं. त्यांच्या मागे जायला कुणाला भीती वाटायची नाही.

ईस्टरला तरुण संघानं कीबोर्ड आणला. वाजवायला रेश्मा, चर्चच्या सेक्रेटरींची मुलगी. त्या दिवशीही आत्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि ओळ उचलली. तिकडे रेश्मानं आपला सूर धरला. निम्मी मंडळी आत्यांमागे गेली, निम्मी कीबोर्डमागे, आणि दुसऱ्या कडव्यात गाणं पार कोसळलं. पाळकसाहेब हळूच म्हणाले, झुंबरबाई, जरा थांबा, आधी रेश्माला सुरू करू द्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मागे कुणीतरी फिसकन हसलं. आत्यांनी टाळ सतरंजीवर ठेवले, उठल्या, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि भर उपासनेतून घरी आल्या.

दुपारी मी जेवायला वाढत होते तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं.

"माझ्याबिगर गाऊ द्या त्यास्नी. त्या दारात मी पाय ठिवायची न्हाई."

आत्यांचा शब्द म्हणजे आमच्या घरात तहसीलदाराचा शिक्का. माझे सासरे हयात असते तर त्यांनी काही बोलून बघितलं असतं. आमच्या ह्यांनी, म्हणजे कल्याणनी, फक्त भाकरी मोडली आणि मान खाली घातली. शुगर फॅक्टरीत दिवसभर दहा माणसांवर ओरडणारा माणूस आईपुढे असा होतो.

पाळकसाहेब एकदा घरी येऊन गेले. आत्यांनी चहा दिला, कांद्याच्या भावावर पुष्कळ बोलल्या, चर्चचं नाव काढू दिलं नाही. निघताना पाळकसाहेबच म्हणाले, आजी, कीबोर्ड राहणार आहे, तुम्हीही राहा. मला वाटलं, माणूस खरं बोलला. आत्यांना वाटलं, हाकललं.

आता मुठीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

आमच्यात जुनी चाल आहे. रोज भाकरीला बसायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईनं कोठीतून मूठभर ज्वारी काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. ती देवाची. रविवारी डबा चर्चमध्ये न्यायचा आणि मागच्या खोलीतल्या पिंपात ओतायचा. एका चुलीची एक मूठ. वर्षातून एकदा, हंगामाच्या सणाला, ते सगळं धान्य दळून भाकरी करतात आणि सगळी मंडळी एका पंगतीला बसून खाते. त्याला प्रीतिभोजन म्हणतात. आत्यांचा नियम असा, की जिनं मूठ काढली तिच्याच हातानं ती गेली पाहिजे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या डब्याला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता.

आत्यांनी चर्च सोडलं, पण मूठ सुटली नाही. सकाळी कोठीचं झाकण उघडलं की हात आपोआप जायचा. एकदा मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं, तर मलाच म्हणाल्या, काय बघतीस, दूध उतू चाललंय. दूध अजून चुलीवर ठेवलंच नव्हतं.

त्या मुठीचं करायचं काय? डबा भरत चालला. आत्या चर्चला जाणार नाहीत, मला नेऊ देणार नाहीत. आणि मंडळीत आमच्या चुलीची मूठ नाही म्हणजे प्रीतिभोजनाच्या भाकरीत आमचं काही नाही. मला ते सहन होईना. म्हणून मी दर शनिवारी, त्या म्हशीकडे गेल्या की, डब्यातलं धान्य पिशवीत काढून घ्यायचे, तळाशी थोडं ठेवायचे, आणि रविवारी पिंपात ओतून यायचे. डबा अंधाऱ्या कोपऱ्यात असायचा, आत्या न बघताच मूठ टाकायच्या. महिला मंडळाच्या सुमनबाई विचारायच्या, आत्यांनी दिली का? मी म्हणायचे, आमच्या चुलीची आहे. खोटं काही बोलत नव्हते, आणि मनाला टोचतही नव्हतं. असल्या हट्टापुढे सरळ वागून काय मिळतं?

आणि एक सांगते. मला आत्यांची आठवण यायची, ती चर्चमध्येच. घरी त्या हव्या त्यापेक्षा जास्त होत्या. पण गीताचा क्रमांक सांगून झाला आणि कीबोर्ड सुरू झाला, की त्या मधल्या क्षणात मला त्यांचा श्वास ऐकू येईलसं वाटायचं, ओळ उचलायच्या आधी घ्यायच्या तो. तो नसायचा आणि माझं पहिलं कडवं तसंच जायचं.

चर्चमधून परतले की चौकशी सुरू. सरळ विचारायच्या नाहीत. आज ऊन लई हुतं का, म्हणजे किती लोक आले होते. रेश्माची परीक्षा झाली का, म्हणजे कीबोर्ड कुणी वाजवला. मी सांगायचे. त्या ऐकत नसल्यासारखं करायच्या आणि कुणी आलं नाही असं कळलं की दिवसभर त्याच माणसाच्या तब्येतीचं बोलायच्या.

कल्याणनी उपाय काढला. मोबाईलवर पुण्याच्या एका मोठ्या चर्चची उपासना लावून दिली. मला त्या रविवारी ताप होता, म्हणून मी घरीच पडून सगळं बघितलं. आत्यांनी मोबाईल हंड्याला टेकवून ठेवला, डोक्यावर पदर घेतला, समोर पाटावर बसल्या. प्रार्थनेला उभ्या राहिल्या. गीत आलं तसा त्यांनी श्वास घेतला आणि ओळ उचलली, तर मोबाईलमधले लोक पुढे निघून गेले होते. पुन्हा धरायला गेल्या, तेवढ्यात चित्र गोल गोल फिरायला लागलं. फिरायचं थांबलं तेव्हा तिथे आशीर्वाद चालू होता. आत्यांनी मोबाईल पालथा घातला.

"ह्यांस्नी मी दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "मी हाय का न्हाई, ह्यांस्नी काय फरक पडतो?"

मग एका रविवारी डबा पदराखाली धरून जीपमध्ये बसून दुसऱ्या गावी गेल्या. तिथे एका हॉलमध्ये नवीन मंडळी भरते, खुर्च्या आहेत, पंखे आहेत, ढोल आहेत. जाताना मला शेताकडं जाते म्हणून सांगितलं होतं. शेताला कुणी इस्त्रीचं लुगडं नेसून जात नाही. दुपारी परत आल्या त्या डब्यासकट. दान मोबाईलनं देतात म्हणाल्या, धान्य कुठं ठेवायचं ते कुणाला माहीत नाही. लोक चांगले होते, पाणी दिलं, खुर्ची दिली. पण कुणाची गं तू, असं कुणी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी म्हशीला दोनदा धुतलं.

नशीब की तापात पडल्यापासून मी तो डबा रिकामा केला नव्हता.

पावसाळा सरत आला. हंगामाचा सण तोंडावर होता. सणाच्या आधीच्या रविवारी पिंप पुढे आणून त्यावर प्रार्थना करतात आणि मग धान्य गिरणीत जातं. त्याच्या आदल्या शनिवारी आत्यांना वाटलं, पावसाळी हवेनं मुठीच्या ज्वारीत सोंडे पडले असतील, ऊन द्यावं. त्यांनी डबा उचलला. उचलताच हलका लागला, आणि त्यांना कळलं.

आधी त्यांनी उंदरांवर संशय घेतला. पिंजरा लावला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. मग शेजारच्या सरवरीभाभीकडे तिची मांजर मागायला गेल्या. भाभी कपडे वाळत घालत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाला, उंदीर झाकन उघडून परत लावतो व्हय?"

आत्या परत आल्या आणि मी भाजी चिरत होते तिथे येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे नीट बघितलं आणि निघून गेल्या. रात्री जेवल्या नाहीत. मी कल्याणना म्हटलं, उद्या काहीतरी होणार. ते म्हणाले, मी डबल ड्युटी घेऊ का?

सकाळी पहिली घंटा झाली. अंगण झाडायचा आवाज आला नाही. मी साडी नेसून बाहेर आले, तर आत्या ओसरीवर रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या.

"कुठं हाय माझी मूठ?"

"चर्चमध्ये," मी म्हणाले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "पिंपात. आज गिरणीत जाईल."

"मी दिली हुती?"

"नाही. पण आपल्या चुलीची मूठ नाही, असं मला होऊ द्यायचं नव्हतं."

त्यांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, डबा फेकून मारतात. पण त्यांनी फक्त एवढं म्हटलं, की माझ्याबिगर माझी मूठ गेली, ही चोरी हाय, आणि मी ती परत आनते. मला वाटलं, बोलण्यावारी गेलं. मी चर्चला निघून गेले. त्या आल्या तर चारचौघांत तमाशा होणार, आणि नाही आल्या तर मग कधीच येणार नाहीत, हे मला दिसत होतं. दोन्हींपैकी काय मागावं हेच कळत नव्हतं, म्हणून मी काहीच मागितलं नाही.

पिंप पुढे वेदीपाशी आणून ठेवलं होतं. दुसरं गीत चालू होतं. कीबोर्ड छान वाजत होता, रेश्मा आता शिकली होती. आणि दारात आत्या दिसल्या. चपला काढल्या, त्या नीट जोडीनं ठेवल्या, डबा घेऊन बायकांच्या आणि पुरुषांच्या मधून सरळ पुढे गेल्या. गाणं पुढच्या ओळींपासून मागे विरत गेलं. रेश्माचे हात थांबले.

"माझी जवारी द्या," आत्या म्हणाल्या.

सुमनबाई पिंपाशेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, कशाला.

"मी दिली न्हाई ती. सूनबाईनं नेली, मला न इचारता."

सगळी मंडळी माझ्याकडे वळली. मला सतरंजीखाली शिरावंसं वाटलं. सुमनबाईंनी पिंपाचं झाकण काढलं आणि बाजूला ठेवलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, वाद घालायची इच्छाही नव्हती.

"घ्या की, झुंबरबाई. तुमची कोनती ती बघून घ्या."

आत्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ भरून वर काढली. तळहात उघडून डोळ्यांजवळ नेला. आमची मालदांडी ज्वारी टपोरी असते, आत्या ती अंधारातही ओळखतील. त्यांनी बोटानं एक दाणा बाजूला केला. मग दुसरा. त्याच्याशेजारी कुणाची तरी बारीक हायब्रीड होती, कुणाची लालसर, दोनचार दाणे बाजरीचे. कुणाच्या घरी यंदा ज्वारी झाली नव्हती ते त्या बाजरीवरून कळत होतं. आत्या तिसरा दाणा शोधत होत्या. त्यांचं बोट थांबलं. मला मागून त्यांचे खांदे दिसत होते आणि ते हलत होते. आमच्या आत्या रडत होत्या, सासऱ्यांच्या मातीनंतर पहिल्यांदा.

मग आत्यांनी पदरानं नाक पुसलं.

"हिच्यात खडं हायेत," त्या म्हणाल्या. "कुनी निवडली न्हाई व्हय? अशीच गिरनीत घालनार हुता?"

सुमनबाई म्हणाल्या, निवडायला बसणारी तुम्हीच होता दरवर्षी.

आत्यांनी हातातल्या दाण्यांतून एक खडा वेचला आणि बाहेर टाकला. मग हात पिंपावर नेला आणि मूठ सोडली. त्यात आमची ज्वारी चिमूटभर असेल नसेल, बाकी सगळी दुसऱ्यांची. पण ती त्यांच्या हातानं गेली.

उपासनेनंतर सुपं आणा म्हणाल्या, सगळ्या बसू. मग रिकामा डबा घेऊन बायकांच्या बाजूला आल्या. त्यांच्या जुन्या जागेवर सेक्रेटरीणबाई ऐसपैस बसल्या होत्या, त्यांना काही उठवलं नाही. माझ्यापाशी आल्या. पाळकसाहेबांनी गीत पहिल्यापासून घ्यायला सांगितलं. रेश्मानं आत्यांकडे बघितलं, आणि आत्यांनी तिला हातानं खूण केली, कर सुरू. सूर त्यांच्यासाठी फार वर होता, पहिल्याच ओळीला आवाज चिरकणार हे मला दिसत होतं. पण त्यांनी तो श्वास घेतला. मला तो अगदी जवळून ऐकू आला.

"सरक," त्या मला म्हणाल्या.

मी सरकले.