पेटीतली ब्राह्मी कोण खातं?

आमचे हे पारोळ्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. शाळेत शिकवून तिथेच थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण मी भाकरी थापत असले की हे शेजारी पाट घेऊन बसतात आणि तवा का तापतो ते सांगतात. सोळा वर्षं मी तव्याचं ऐकते आहे. म्हणून फायनलचा फॉर्म भरला तेव्हा मी ह्यांना सांगितलं नाही, यात माझं काही चुकलं असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. सांगितलं असतं तर ह्यांनी मला शिकवायला घेतलं असतं, आणि मग मी जन्मात पास झाले नसते.

फायनल म्हणजे सातवीची परीक्षा. माझं लग्न पाचवीतून झालं. मुलींच्या शाळेच्या सुनंदाबाई म्हणाल्या, "प्रमिलाबाई, एवढी एक पास व्हा, स्कूल बोर्डाला मास्तरणी मिळत नाहीत." ते माझ्या डोक्यात बसलं ते उठेना. आदल्या वर्षी मावसबहिणीकडे बारसं आहे असं सांगून मी धुळ्याला गेले आणि परीक्षा देऊन आले. इतिहासात नापास झाले. लढाया माझ्या लक्षात राहायच्या, पण सनावळ्या एकमेकींत मिसळायच्या. रडले, तेही चूल फुंकायच्या निमित्तानं, म्हणजे डोळे लाल का ते कुणी विचारायला नको. ही दुसरी खेप होती. या खेपेला पास झाले नाही तर पुन्हा फॉर्म भरायचा धीर माझ्यात उरणार नव्हता.

त्याच साली ह्यांनी घरात मासे आणले.

मुंबईला समुद्रकाठी काचेत ठेवलेले मासे पाहून आले आणि ह्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. लोहाराकडून लोखंडी चौकट केली, काच जळगावहून आणली, फटी काच बसवायच्या लांबीनं बुजवल्या आणि माजघरात काचेची पेटी उभी केली. चार लाल मासे मुंबईहून पत्र्याच्या डब्यात घालून, चाळीसगावला उतरून, दोन मोटारी बदलून आणले. मला डबा मांडीवर घेऊन बसलेले हे डोळ्यांपुढे येतात. आमच्या दोन्ही पोरांना ह्यांनी कधी इतका वेळ मांडीवर घेतलं नव्हतं.

मासे मिळाले, पण वनस्पती कुठून आणायच्या? मुंबईच्या दुकानदारानं दिलेल्या माहितीपत्रकात सगळी विलायती नावं. तेव्हा हे धोतर खोचून बोरी नदीत उतरले. आधी आणली गोंडाळ. हिरवी, देखणी, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी पाण्यावर तरंगणारी. आठ दिवसांत तिनं पाण्याचं तोंडच झाकून टाकलं, खाली लावलेलं पाणगवत उजेडावाचून कुजलं, आणि माजघरभर वास सुटला. मग देवळाच्या तळ्यातलं कमळ आणलं. त्याच्या एका पानाखाली चारही मासे दिसेनासे झाले. "कोण कोनाजोडे नांदी, हाईच समजत नही," हे कपाळाला हात लावून म्हणायचे. एवढा विचार माझ्या बापानं माझं लग्न ठरवतानाही केला नव्हता.

शेवटी मागच्या बाजूला पट्टीसारखं लांब पाणगवत आणि पुढे ब्राह्मी, असं जमलं. ब्राह्मी भडगावला माझ्या भावाच्या केळीबागेतली, पाटाच्या कडेला वाढणारी. पाण्याखाली ती काड्यांसारखी सरळ उभी राहिली, बारीक गोल पानं, दोन्ही वनस्पतींना उजेड पुरता. हे दिवसातून दहा वेळा जाऊन बघायचे.

मीही बघायचे. ब्राह्मीनं स्मरणशक्ती वाढते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वैद्याकडे मागायला गेले असते तर त्यानं कुणासाठी म्हणून विचारलं असतं. आमची दोन्ही पोरं वर्गात वरचा नंबर काढणारी, त्यांचं नाव सांगितलं असतं तर तो हसला असता. इथे तर औषध माजघरात उभं होतं. रोज सकाळी हे आंघोळीला गेले की मी सात शेंडे खुडायचे, दोनदा धुवायचे आणि गुळाच्या खड्याबरोबर चावायचे. कडू जहर. पण पानिपत सतराशे एकसष्ट, हे तोंडातून धाडकन निघायला लागलं.

पंधरा दिवसांनी ह्यांच्या लक्षात आलं.

"हाई ब्राह्मी कोण खाई राहिनं?"

"मासा खात व्हतीन," मी म्हटलं. माशांना काही बोलता येत नाही.

झालं. ह्यांनी चौकशी सुरू केली. एकेक मासा तीन तीन दिवस घागरीत ठेवायचा आणि ब्राह्मीचे शेंडे मोजायचे. कुठलाही मासा घागरीत असो, शेंडे कमीच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात तसं झालं. मला त्या माशांकडे बघवेना, म्हणून मी त्यांना कणकेच्या दोन गोळ्या जास्त टाकायचे.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना ह्यांनी निकाल दिला. लाल मासे आणि ब्राह्मी एका पेटीत नांदत नाहीत. रविवारी ब्राह्मी उपटायची.

माझं धाबं दणाणलं. अजून पानिपतानंतरची सगळी पेशवाई राहिली होती. मी पोळपाट बाजूला सारला आणि ह्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, ब्राह्मी काढली तर पुढची बाजू उघडी पडेल, माशांना दडायला जागा राहणार नाही. दिवसा उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, तो निम्मा होईल. आणि शेंडा गेला की त्याच्या खालून दोन फांद्या फुटतात. बघा की, पहिल्यापेक्षा दाट झाली आहे ती.

हे वाकून बघत राहिले. खरंच दाट झाली होती.

"तुले हाई कोनी सांगं?"

"तुम्हीनच की."

ह्यांची छाती अशी फुगली की ब्राह्मी वाचली. प्राणवायू मी सुनंदाबाईंच्या पुस्तकातून पाठ केला होता, पण नवऱ्याला एवढा आनंद फुकटात देता येत असेल तर का देऊ नये?

परीक्षा आठ दिवसांवर आली आणि मी पकडले गेले. त्या दिवशी हे पंचा विसरले म्हणून मोरीतून परत आले. माझा हात कोपरापर्यंत पाण्यात, तोंडात पाला.

"म्हंजे कुंपनच शेत खाई राहिनं!" हे आधी हसलेच. "काबरं खास पन?"

खोटं बोलायला तोंड मोकळं नव्हतं. मी पाला गिळला. "मी फायनलले बठनार शे. मागला वरीसले बी बठनू व्हतू. नापास व्हयनू."

ह्यांचं हसू गेलं.

"शिकनी, ते नही सांगं. समजस. मी लई बोलस. पन नापास व्हयनी, ते बी माले नही सांगं?"

त्या दिवशी जेवताना ह्यांनी काहीच शिकवलं नाही. तवा मुकाट्यानं तापला. सोळा वर्षं मी ह्यांना मनातल्या मनात हसत आले, पण हे मला कमी लेखून एकदाही हसले नव्हते, हे मला त्या दिवशी भाकरी उलटताना कळलं. फार वाईट वाटलं. चूल फुंकायचं निमित्त मी केलं नाही, तशीच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ वाटीत धुतलेली ब्राह्मी होती. सात नव्हे, चाळीसेक शेंडे. प्रमाणाची गोष्ट ह्यांना कधी समजलीच नाही.

धुळ्याला हे माझ्याबरोबर आले. मोटारीत पूर्ण वेळ ओठ मिटून बसले होते, एक सनावळी विचारली नाही की एक लढाई सांगितली नाही. त्यांना किती जड गेलं असेल ते मीच जाणे. दोन दिवस मी पेपर लिहीत होते तेव्हा हे फाटकाबाहेर निंबाच्या झाडाखाली माझी छत्री धरून उभे होते. ऊन पडलं होतं आणि छत्री मिटलेली होती.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले. इतिहासात एक्केचाळीस.

हे अख्ख्या पेठेत सांगत फिरले. माझं कौतुक चार वाक्यांत आटोपायचं, आणि मग ब्राह्मीचं सुरू व्हायचं. परिणाम असा झाला की बायका वाट्या घेऊन यायला लागल्या. कुणाचा पोरगा तिसरीत अडकलेला, कुणाचा पाढ्यात. ज्यांनी एकेक शेंडा मोजला होता ते हे आता मूठ मूठ ब्राह्मी वाटत होते. आठवड्यात पेटीचा पुढचा भाग बोडका झाला. माशांचं त्यावाचून काही अडलं नाही.

सगळ्यांत शेवटी समोरच्या शेवंताबाई आल्या. वयानं चाळिशीच्या. मुलगी कधीच सासरी गेलेली, घरात शाळेत जाणारं कुणी नाही. हे घरी नव्हते. मी पेटीत हात घालून उरलेले पाच-सहा शेंडे काढले आणि त्यांच्या वाटीत टाकले.

"कोनासाठे, शेवंताबाई?"

त्यांनी दाराकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, "तो फारम कोठे भेटस?"

मी त्यांच्या हातातली वाटी घेऊन खाली ठेवली. "पयले बठा," म्हटलं, आणि दार लोटून घेतलं.