दुलईखालची घरघर

मित्रांनो, माळ्यावर रिकाम्या डब्यांमागे धूळ खात पडलेला जुना नेब्युलायझर आहे मी. औषधाची वाफ करून ती दम लागलेल्या माणसाच्या छातीत पोचवायची, एवढंच माझं काम. बोलायचं म्हणजे नुसती घरघर!

मला आणलं ते आजोबांसाठी. आयुष्यभर त्यांनी कापूस पिंजून गाद्या भरल्या. इमारतीतली निम्मी माणसं त्यांच्याच गाद्यांवर झोपत. त्या कापसाच्या धुळीनं त्यांची फुप्फुसं कायमची बिघडली. "आधी मी कापसाला पिंजलं, आता तो मला पिंजतोय," म्हणत ते हसत आणि माझा मास्क नाकावर चढवत. शेजारच्या काकूही लेकराची छाती भरली की मला हक्कानं मागून नेत. "गुणाचं यंत्र आहे हो," म्हणत. मी फुशारून जाई.

मग साथ आली. आजोबा जायचे तो छातीचा दवाखाना साथीच्या रुग्णांसाठी राखून ठेवला. खोकला शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आजोबा तोंडावर उशी दाबून धरू लागले. एके सकाळी काकू दाराबाहेरूनच ओरडल्या, "ते यंत्र बंद ठेवा बघू! वाफेतून साथ पसरते म्हणे. घरात लेकरू आहे माझ्या."

"अहो, त्याच लेकराला याचीच वाफ दिली ना?" आजोबा म्हणाले.

"तेव्हाची गोष्ट वेगळी!"

"बाबा, वाद नको," त्यांची लेक कुजबुजली. "त्यांनी तक्रार केली तर साथीचा रुग्ण समजून उचलून नेतील तुम्हाला."

आजोबांनी तोड काढली. माझी घरघर काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून स्वतः भरलेली जाड दुलई माझ्यावर घातली. आवाज दबला, पण मित्रांनो, मलाही हवा लागते. ती ओढूनच मी वाफ करतो. रोज तापत गेलो आणि एका दुपारी, आजोबांना ऐन दम लागलेला असताना, जळून बंद पडलो.

दुरुस्तीची दुकानं बंद. लेकीनं दवाखान्यात फोन लावला.

"साथीचा रुग्ण आहे का?"

"नाही हो, फुप्फुसाचा जुना आजार..."

"मग इथं खाट नाही."

संध्याकाळी आजोबा गेले. त्यांना साथीची लागण झालीच नव्हती. काकूंनी खिडकी लावून घेतली. झोपल्या मात्र आजोबांनी भरलेल्याच गादीवर.

आता साथ ओसरली आहे. परवा काकू दारात आल्या. "लेकराची छाती भरलीय गं. ते यंत्र देतेस?"

"जळलं ते, काकू," लेक म्हणाली. "तुम्हाला आवाज जाऊ नये म्हणून दुलईखाली चालवत होतो ना."

मित्रांनो, कुणाच्या घरातून घरघर ऐकू आली, तर 'बंद करा' म्हणण्याआधी आत कोण श्वास घेतंय, एवढं तरी विचारा.