आडवी काठी, उभी काठी

मी कडुनिंबाची काठी बोलतेय. आज माझ्या अंगावर रंगीत पट्टे आहेत आणि गावात मला मान आहे. पण जन्मले ते वेगळ्याच कामासाठी.

नाकांबे नदीकाठचं आमचं बिसा लोकांचं गाव. तेव्हा काळ्या माश्या चावून चावून माणसांची नजर जायची. तेने नावाच्या पोरीच्या बापाचीही गेली. माझं मागचं टोक त्याच्या हातात, पुढचं वाट दाखवणाऱ्या छोट्या तेनेच्या. मी कायम आडवी.

तो वारला, मग माश्यांनी अंगात सोडलेल्या किड्यांवरच्या गोळ्या आल्या. गावात वजनकाटा नव्हता, म्हणून उंची बघून गोळ्या द्यायचं ठरलं. मला पट्टे रंगवून उभं केलं. दरवर्षी पोरं माझ्याजवळ टाचा उंचावतात आणि ओरडा खातात.

पुढे गावात नवं कुणी आंधळं झालं नाही आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. यंदा तेने आजी म्हणाली, "आंधळा नाही त्या गावात हे औषध कशाला? खाज तेवढी सुटते." तिच्या शब्दावर बायका माघारी वळल्या. पण नदीवर माश्या अजून आहेत. एकाच्याही अंगात किडा उरला, तर माशी त्याची पिल्लं दुसऱ्याच्या अंगात सोडते.

गोळ्या वाटणारा बाली गुरुन्सी जमातीचा. बिसा आणि गुरुन्सी यांचं पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. ते आम्हाला शेंगखाऊ म्हणतात, आम्ही त्यांना कुत्रेखाऊ. काहीही बोला, रागवायचं नाही.

"शेंगखाऊ म्हातारे," बाली आजीला म्हणाला, "शेंगा वाटल्या असत्या तर पहाटेच येऊन बसली असतीस."

"कुत्र्याची मुंडकी खाणाऱ्या, तू मला शिकवणार?"

"नको घेऊस. आंधळी झालीस की मीच नेईन तुला, थेट आमच्या घरी मुंडक्याच्या रश्श्यापाशी. कुठं चाललोय ते कळणारसुद्धा नाही. हे धर, आत्तापासून सवय कर."

सगळे हसले, आजीही हसली. बालीनं माझं टोक तिच्या हातात दिलं. ते मागचं टोक होतं, बापाच्या मुठीनं गुळगुळीत झालेलं. तिनं ते कधीच धरलं नव्हतं. तिचं हसू थांबलं.

"हे बाबांचं टोक," ती हळूच म्हणाली.

मग तिनंच मला उभं केलं, चपला काढल्या, पाठ ताठ केली. "बघ, किती?"

"तीन गोळ्या. गेल्या साली चार होत्या. आटलीस म्हातारे."

"तुझी जीभ मात्र वाढली."

तिनं सगळ्यांसमोर गोळ्या गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं. मागे बायकांची रांग लागली.

आता मी बालीच्या दाराआड उभी आहे. माझे पट्टे फिके झालेत, पुढच्या वर्षाआधी रंगवून घ्या. मी मोडले तर दुसरी काठी तोडा. पण गोळ्या चुकवू नका आणि कुठल्याही लेकराला मला पुन्हा आडवं धरायला लावू नका.