रोझनावचा एकुलता धावणारा

मित्रांनो, मी एक जुना, उंच बाक आहे. टेक्ससमधल्या रोझनावच्या शाळेत, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाला लागून असलेल्या खोलीत माझी उमर गेली. माझ्यावर बसून कोणी कधी धडा वाचला नाही. मुले माझ्यावर बसत ती पाय लांब करून, आणि त्यांच्या घोट्यांना, गुडघ्यांना चिकटपट्टी बांधली जाई.

एमिल बार्तोश सुताराने मला पेकन नावाच्या झाडाच्या लाकडातून घडवले. त्याचा मुलगा तेव्हा संघात होता. रंधा मारता मारता एमिल म्हणाला होता, "यावर पोरं चालत येतील, तशी उचलून आणलेलीही येतील." त्याच्या बायकोला ते बोलणे आवडले नाही. तिने त्याला गप्प केले.

पुढे बरीच वर्षे बरी गेली. शुक्रवारी सामन्याआधी कोणाची तरी आई कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, घेऊन यायची आणि मुले माझ्यावरच परात ठेवून ती फस्त करायची. "बार्तोशचा बाक कुरकुरतसुद्धा नाही," असे सगळे म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

मग ते वर्ष आले.

आमच्या खेळात चेंडू पोटाशी धरून समोरच्या दांडग्या पोरांच्या भिंतीत घुसायचे काम एका गड्याचे असते. असे दोन-तीन गडी हाताशी ठेवायचे असतात. त्या उन्हाळ्यात आमच्याकडचा दुसरा गडी बापाच्या नोकरीपायी ह्यूस्टनला निघून गेला. उरला एकटा क्लेटन माहाला. सतरा वर्षांचा, अबोल, आणि असा चपळ की हातात आला म्हणेपर्यंत निसटलेला असे.

पहिले चार सामने आम्ही जिंकलो. गाव खूश होते. मी मात्र नव्हतो. क्लेटनच्या मांडीचे वजन माझ्या फळीवर पडे तेव्हा मांडीतली थरथर मला कळायची. पहिल्या आठवड्यात ती नव्हती. तिसऱ्या आठवड्यात बर्फाची पिशवी ठेवली तरी ती थांबेना.

पट्ट्या बांधायचे काम अडेला बाईंचे. पाचव्या सामन्याआधी त्यांनी संघाचे प्रशिक्षक लॉफ्टिन सर यांना दारातच अडवले.

"सर, मागच्या सामन्यात क्लेटनला किती वेळा पळवलंत?"

"मोजलं नाही बाई."

"मी मोजलं. अडतीस वेळा. गुडघा बघा, पावासारखा फुगलाय. अजून दोघं तयार करा."

"कुठून आणू? झाडाला लागतात का?"

"विल्टन टीग ऑगस्टपासून चेंडू मागत मागे लागलाय तुमच्या."

"विल्टन अडवायला चांगला आहे. पळायला नाही."

"एकदा तरी पळवून पाहिलंत?"

सर वाईट गृहस्थ नव्हते. पण जिंकणाऱ्या संघाची घडी मोडायची त्यांना भीती वाटे. त्यांनी क्लेटनकडे पाहिले. "तूच सांग रे. विल्टनला थोडा वेळ देऊ का? तुला दम खाता येईल."

पुढच्या शुक्रवारी ऑस्टिनहून कॉलेजच्या संघासाठी खेळाडू निवडणारा माणूस क्लेटनला पाहायला येणार होता. क्लेटनच्या बोटांनी माझी कड घट्ट धरली.

"गरज नाही, सर," तो म्हणाला. "माझं मी बघतो."

खोलीच्या कोपऱ्यात विल्टन बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही. नाडी बांधून झाली होती, तरी तो तसाच ओणवा राहिला.

तो सामनाही आम्ही जिंकलो. त्यानंतर तीन दिवस क्लेटन माझ्याकडे फिरकला नाही. बाईंनी दोनदा निरोप धाडला. "बरं आहे," एवढेच उत्तर आले. चौथ्या दिवशी आला तेव्हा तो उडी मारून नाही, दोन्ही हातांवर भार देऊन वर चढला. बाई पट्टी बांधत राहिल्या. नेहमीपेक्षा दुप्पट पट्टी लागली.

शुक्रवारी मैदान गच्च भरले होते. भिंतीपलीकडून मला बँडचा आवाज येत होता, क्लेटनच्या नावाचा गजर येत होता. सामन्याच्या उत्तरार्धात तो गजर एकाएकी तुटला. बँडही थांबला. इतकी माणसे एकदम गप्प झालेली मी आधी कधी ऐकली नव्हती.

चौघांनी क्लेटनला उचलून आणले आणि माझ्यावर ठेवले. तो ओरडत नव्हता. बाई कात्रीने पट्टी कापू लागल्या. गुडघा जागचा निसटला होता, त्यावरून मी काय ते समजलो.

सर दारात उभे होते. चेहरा पांढराफटक. मागे वळून ते म्हणाले, "विल्टन, चेंडू तू घे."

दार बंद झाले. बऱ्याच वेळाने मैदानावर पुन्हा आरोळी उठली. मग आणखी एक, त्याहून मोठी. क्लेटन छताकडे बघत होता.

"कोण पळतंय?"

"विल्टन," बाई म्हणाल्या.

"जमतंय का त्याला?"

"आवाजावरून तरी जमतंय."

क्लेटनने डोळे मिटले. "सरांनी मला विचारलं होतं, बाई. मीच नको म्हणालो."

"तुला विचारायचंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "सतरा वर्षांच्या पोरावर टाकायची गोष्ट होती का ती?"

रुग्णवाहिका शेजारच्या गावाहून यायची होती, म्हणून वेळ लागला. ती यायच्या आधीच सामना संपला आणि चिखलाने माखलेला विल्टन दारात येऊन उभा राहिला. आत यावे की नाही, त्याला कळत नव्हते.

क्लेटनने चांगला पाय थोडा बाजूला घेतला. "ये. बस."

विल्टन माझ्या टोकाला टेकला.

"किती वेळा पळवलं?"

"सतरा."

"पाय?"

विल्टनने बाईंकडे पाहिले, दाराकडे पाहिले. "घोटा दुखतोय," तो हळूच म्हणाला.

"बाई, आधी त्याचा घोटा बघा," क्लेटन म्हणाला. "आणि सरांना सांगा, अजून एक जण शोधा. याला विचारत बसू नका."

क्लेटन पुन्हा खेळला नाही. त्या मोसमात मात्र सरांनी तिघांना तयार केले, आणि त्यांतला एकही माझ्यावर उचलून आणला गेला नाही.

आता माझ्या जागी पोलादी टेबल आले आहे. मी शेजारच्या अडगळीच्या कोठीत पडून आहे, अंगावर फुटकी शिरस्त्राणे आणि धूळ. नवे सर आहेत, त्यांना मी ठाऊकही नाही. काल भिंतीपलीकडे ते गावकऱ्यांशी बोलत होते. तासाभरात त्यांनी एकाच मुलाचे नाव घेतले, दुसरे कुठलेच नाही. नंतर कोणीतरी पलीकडच्या टेबलावर चढले. उडी मारल्याचा आवाज मला आला नाही; क्लेटनही शेवटी असाच हातांवर भार देऊन चढला होता.

मित्रांनो, तुमच्यात जो सर्वांत जोरात पळतो, त्याच्या पायांकडे एकदा नीट पाहा. आणि शेजारी जो चेंडू मागत उभा आहे, त्याला तो आजच द्या.